सोनमाथ्याचा वाचक

कार्तिक वद्य २, शके १८६३

आलो एकदाचा! टाचेला फोड आलाय, पोटऱ्या भरून आल्यात, पण मन इतकं हलकं आहे की नव्या रोजनिशीचं पहिलं पान आजच भरतो.

पूर्णा जंक्शनवर बापूने मला गाडीत बसवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. बापू माझा थोरला भाऊ, तिथे तारबाबू आहे. लढाईच्या मालगाड्यांनी त्याची झोप उडवली आहे, आणि त्यात धाकटा भाऊ परभणीची मास्तरकी सोडून डोंगरावर निघालेला. पण कसली मास्तरकी? सरकारची परवानगी नाही म्हणून आमची मराठी शाळा बंद झाली, वाचनालयाला सील लागलं. मी सबंध पावसाळा लोकांच्या पोरांना ओसरीवर पाढे शिकवत काढला.

गंगाखेडला उतरलो. राणीसावरगावपर्यंत बैलगाडी मिळाली. ज्वारी वितभर वर आली आहे, माळावर पिवळी तरवडाची फुलं आहेत. गाडीवान बोलका होता. सोनमाथ्यावरचे लोक लय भले, असं दहादा म्हणाला. खोकल्याला औषध देतात, पाणी-दगड वाहायला बायामाणसं लावतात, कुणाला उपाशी धाडत नाहीत.

डोंगर लांबूनच ओळखू येतो. माथ्यावर हवेची चक्की आहे, तिची पांढरी शिडं सारखी फिरत असतात. अर्ध्या चढणीवर स्वतः माणिकराव मला घ्यायला आले होते. एवढा मोठा माणूस, हैदराबादेत वर्षानुवर्षं गणित शिकवलेला, आणि माझी वळकटी माझ्या हातून ओढून खांद्यावर टाकली! म्हणाले, इथे ओझं ज्याला जास्त पेलतं त्याने घ्यायचं, एवढाच नियम.

न्हाणीत मोठ्या वाटोळ्या आरशाने उन्हावर तापवलेलं पाणी मिळालं. फोडाकडे पाहून माधवरावांनी पायाला तांब्याची तार गुंडाळली, काहीतरी पुटपुटले, फुंकर घातली. ठणका तिथल्या तिथे गेला. मी चकित झालो तर हसून म्हणाले की मंत्र आणि वीज ही एकाच तारेची दोन टोकं आहेत, लोक उगाच एकेकच धरून बसतात.

आज मी सुखी आहे.

कार्तिक वद्य ५

या मंडळाचं नाव विद्यासत्र. माणसं वीस-पंचवीस असतील. कुणी वैद्य, कुणी ज्योतिषी, एकजण पाटबंधाऱ्यातला इंजिनियर, दोघी बायका खगोल शिकणाऱ्या. सकाळी सगळे चक्कीखाली जमतात आणि प्रत्येकाने काल शिकलेली एक नवी गोष्ट सांगायची. मी काल बुजलो, आज पाणिनीचं एक सूत्र फोड करून सांगितलं तर सगळ्यांनी मान डोलावली. असं कौतुक परभणीत कुणी केलं असतं?

इथली वीज चक्कीवर तयार होते आणि काचेच्या बरण्यांत साठवली जाते. माधवराव हे त्या सगळ्याचे धनी. आजोबा मांत्रिक, नातू वीजशास्त्र शिकलेला. त्यांच्या खोलीत एका भिंतीवर यंत्रांच्या आकृत्या आहेत आणि दुसऱ्या भिंतीवरही यंत्रांच्याच, पण पहिल्या देवाच्या, दुसऱ्या लोखंडाच्या.

माझं काम वाचकाचं. गणपतीत परभणीला मी वाचन केलं होतं ते माणिकरावांनी मागच्या रांगेत बसून ऐकलं होतं म्हणे. माझा आवाज स्वच्छ आहे, एकेक अक्षर सुटं पडतं. हे मी नाही, ते म्हणाले.

मंडळ कशासाठी आहे तेही त्यांनी सांगितलं. ग्रंथ जाळता येतात, कुलपात टाकता येतात, वाळवी खाते. पण शेतात खुरपणाऱ्या बाईच्या डोक्यात अख्खं ज्योतिष साठवलं तर कोणता शिपाई ते जप्त करील? वेळ येईल तेव्हा हे ग्रंथ चालत चालत गावोगाव जातील. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने.

कार्तिक वद्य ९

आज पहिलं वाचन. सविस्तर लिहितो.

खोलीत शिसवी खुर्ची. बसणाऱ्याच्या डोक्यावर तांब्याचा टोप. टोपातून तार काचेच्या बरण्यांत जाते आणि तिथून एक बारीक तार वाचकाच्या डाव्या मनगटाला. आवाजाला वाट मिळावी म्हणून, असं माधवराव म्हणाले. दोघांच्या पायाखाली तांब्याचा पत्रा. त्यावर ते रोज सकाळी हळदीने यंत्र काढतात.

खुर्चीत दगडाबाई होती. राणीसावरगावच्या अलीकडच्या वाडीतली विधवा, चाळिशीची, वर पाणी वाहायला यायची. तिला इतक्या ओव्या पाठ की दळायला बसली की दिवस सरेल, ओव्या सरणार नाहीत. म्हणून माणिकरावांनी तिला निवडलं. मला पाहून पदर सारखा केला आणि म्हणाली, “मला सही बी येत न्हाई, मास्तर. पर शिकायची लय हौस हाय. आमच्या कमळीला बी शिकवायची होती, तर तिच्या बापानं पेडगावला देऊन टाकली.”

मी ग्रहणगणिताचा ग्रंथ वाचू लागलो. मनगटाला मुंग्या आल्या. ती डोळे मिटून बसली होती. पान संपलं तसं माधवरावांनी खूण केली, मी थांबलो, आणि त्या निरक्षर बाईने ते पानच्या पान मला म्हणून दाखवलं! अंकांसकट, वेलांट्यांसकट म्हणावंसं वाटतं. मग डोळे उघडून स्वतःच हसली. “आगं माय,” म्हणाली, “ह्ये माझ्याच तोंडातून निघालं का?”

मी तिच्या पाया पडलो. खरंच पडलो. माणिकरावांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मार्गशीर्ष शुद्ध २

रोज वाचन. ग्रंथाचं पहिलं प्रकरण झालं. दगडाबाई एक अक्षर चुकत नाही.

दुपारी हौदावर धोतर धूत होतो. गुणगुणतोय हे ध्यानात आलं. थांबून ऐकलं तर ओवी होती.

पेडगावच्या वाटंनं ऊन लागलं लेकीला,
बाभळीच्या गं झाडा, सावली दे माझ्या बाईला.

कुठे ऐकली असेन? दगडाबाई माझ्यासमोर कधी गायली नाही. खरं म्हणजे वाचन सुरू झाल्यापासून ती गातच नाही. आधी पाणी वाहताना सारखी गायची, असं स्वयंपाकघरातल्या बाया म्हणाल्या.

बरी गोड आहे मात्र.

मार्गशीर्ष शुद्ध ६

आज ग्रंथशाळा पाहिली. माथ्याच्या पश्चिम अंगाला लांबट दगडी दालन आहे. तिथे ‘पूर्ण झालेले’ बसतात. भिंतीला टेकून, रांगेत, हात मांडीवर. मेंढपाळ, कुंभार, मोळीविक्या बाया. नर्मदाबाई त्यांचं सगळं बघतात. न्हाऊ घालतात, वेणीफणी करतात, घास भरवतात. एका वैद्यांनी येऊन एका म्हाताऱ्याला विषमज्वराबद्दल विचारलं. म्हाताऱ्याने तीन पानं घडाघडा म्हटली, मिटला. वैद्य लिहून घेऊन गेले. त्याच्या ओठाच्या कडेला लाळ होती, ती नर्मदाबाईंनी पुसली.

मी म्हाताऱ्याला गाव विचारलं. त्याने मला लंघनाचे प्रकार सांगितले.

परतताना हौदाच्या मागे एक माणूस उन्हात बसलेला दिसला. भुजंगराव नाव, माझ्याआधीचा वाचक. डोकं फिरलंय, त्यांना छेडू नका, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो दगडाला मांडीवर घेऊन थोपटत अंगाई म्हणत होता, बारीक बाईच्या आवाजात. मग एकदम उठून मेंढरं हाकलल्यासारखी शीळ घातली. मग कुंभाराच्या चाकावर बसावं तसा उकिडवा बसला आणि रडायला लागला.



मार्गशीर्ष शुद्ध ११

हे लिहितानाही लाज वाटते, पण लिहितो.

सकाळी जिना उतरताना मला आठवलं. वाटलं नाही, आठवलं. पोटातली कळ. दोन्ही हातांनी धरलेला माळवदाचा खांब. सुईण पाठीवर हात फिरवत होती, तेलाचा वास होता, आणि बाहेर बैल हंबरत होता. मग ते हलकं होणं. मग एक ओला, गरम जीव छातीवर. मुलगी झाली म्हणून सासूने तोंड फिरवलं तेही आठवलं.

मी सव्वीस वर्षांचा पुरुष आहे. माझं लग्न झालेलं नाही.

धावत वाचनाच्या खोलीत गेलो. दगडाबाई आधीच येऊन बसली होती. मी तिला विचारलं, कमळी कशी आहे? तिने माझ्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, धुतलेल्या पाटीसारखी. म्हणाली, “चंद्राची छाया भूमीस स्पर्श करी तो स्पर्शकाल.”

मार्गशीर्ष शुद्ध १२

माणिकरावांना विचारलं. वाटलं होतं रागावतील, टाळतील. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, गूळ-पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नाही.

भरलेल्या भांड्यात दुसरं काही ओतता येत नाही. आधी ते मोकळं करावं लागतं. पाटी पुसली की खडूची पूड कुठेतरी पडणारच. ती माधवरावांच्या तारेने वाचकात पडते. वाचक शिकलेला लागतो, कारण शिकलेल्या माणसात जागा जास्त असते. भुजंगरावांत सात माणसं मावली. आठवं जड गेलं.

त्यांनी ‘पूड’ हा शब्द असा म्हटला, जसा शिक्षक वर्गात म्हणतो.

मी म्हटलं, ही माणसं आहेत. ते म्हणाले, हो ना, आणि त्यांच्याकडे काय होतं? जातं, चूल, पाण्याची खेप, एक मेलेला नवरा. त्या जागी आता आकाश आहे. तुम्हीच सांगा दिनकरराव, महाग कोणतं?

मी बांधाबांध करायला लागलो. कुणी अडवलं नाही. ते दारात आले आणि हळूच म्हणाले, दार उघडंच आहे, पण एक विचार करा. दगडाबाई आता फक्त तुमच्यात आहे. तुम्ही पूर्णेला गेलात की तीही गेली. उलट ग्रंथ पूर्ण झाला तर तारेतली धार उलटी फिरवता येते का, हे माधवराव बघतायत. येईलही.

वळकटी सोडली. बसून राहिलो.

देवा, मी काय करू? मी गेलो तर तिला कायमचं मारून जातो.

मार्गशीर्ष वद्य १०

वाचतो. रोज वाचतो. ग्रंथ लवकर संपावा म्हणून दुप्पट वाचतो. जितकं वाचतो तितकी ती रिकामी होते आणि मला तिच्या वाडीतली एकेक गल्ली पाठ होते.

बापूचं पत्र आलं होतं. अक्षर ओळखीचं वाटलं. चेहरा आठवायला वेळ लागला. मिशी होती की नाही?

नवऱ्याचा चेहरा मात्र लख्ख आठवतो. तिच्या नवऱ्याचा. तिच्या.

मार्गशीर्ष अमावास्या

आज येळवस, शेतपूजेची अमावास्या. खाली शेताशेतांतून खोपी उभारल्यात, लोक पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना पांढरी चादर चढवतायत, आंबील वाटतायत. मला इथून वासही आला. पहाटेपासून जीव तिकडे ओढत होता. ग्रंथ कालच संपला. आज धार उलटी फिरवतील, या आशेवर होतो.

दुपारी वेशीशी आरडाओरड. एक तरुण बाई डोक्यावर टोपलं घेऊन चढून आली होती. राखणदार सोडेना. मी पाहिलं आणि माझे पाय आपोआप—

कमळी. हनुवटीवर गोंदण. ते गोंदवताना ती ओरडली होती, मीच तिचे हात धरले होते.

मी नाही. दगडाबाईने.

पेडगावहून येळवसीला माहेरी आली तर घराला कुलूप, माय डोंगरावर कामाला गेलेली ती महिना झाला परतली नाही. म्हणून भज्जी, येळवसीची ती घट्ट मिश्र भाजी, आणि आंबील घेऊन वर आली. माणिकरावांनी आनंदाने तिला आत घेतलं. दगडाबाईला आणून समोर बसवलं. कमळीने गळ्यात हात टाकले. दगडाबाई तिच्या खांद्यावरून समोर बघत म्हणत राहिली, खग्रास, खंडग्रास, कंकणाकृती, त्यांची लक्षणं.

“माय, मी हाय. कमळी. माय, माझ्याकडं बघ की गं.”

मोक्षकाल. उन्मीलन. निमीलन.

तिने मायला गदागदा हलवलं. नर्मदाबाईंनी सावकाश तिचे हात सोडवले, ग्रंथ फाटतो अशाने, असं म्हणाल्या. कमळी खाली बसली आणि तिचं टोपलं कलंडलं. मी भज्जी गोळा करायला वाकलो, एक घास तोंडात गेला, आणि माझ्या तोंडून, माझ्या आवाजात नव्हे, निघालं,

“कमे, मीठ कमी पडलं गं. दरवर्षी सांगते तुला.”

तिने वर पाहिलं. पांढरी पडली.

कमे असं तिला एकच माणूस म्हणतं.

पौष शुद्ध १

ती गेली नाही. वेशीजवळच्या ओट्यावर बसून आहे. मी जवळ गेलो तर मागे सरली. मग तिनेच विचारलं, “माय हाय का तुमच्यात?”

मी हो म्हटलं.

तिने मला परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. बारशाला कुणी काय आणलं. बाप गेला त्या दिवशी चुलीवर काय होतं. मी सगळं सांगितलं. ती रडली. मग माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, आणि मी तिचे केस विंचरले, बोटांनी. परक्या पुरुषाने परक्या बाईचे. तिथे कुणालाच ते तसं वाटलं नाही. मलाही नाही.

तिला दोन वर्षांचा मुलगा आहे. पेडगावी, नवऱ्याजवळ ठेवून आली. नवऱ्याचं नाव लिंबाजी, गरीब आहे, मारत नाही. मला आधीच माहीत होतं.

पौष शुद्ध ३

माणिकरावांनी आम्हा दोघांना बोलावलं. माधवरावांना वाट सापडली म्हणाले. धार उलटी फिरवायला रक्ताचं माणूस लागतं. कमळी खुर्चीत बसेल, दगडाबाई तिचा हात धरून शेजारी, मी वाचायचं. नव्या ग्रंथाची चार पानं पुरेत. तिच्या रक्तातून मायचं मायला परत जाईल. कमळीला काही होणार नाही, थोडी भोवळ येईल.

मी माधवरावांच्या डोळ्यांत बघून विचारलं, खरं? ते म्हणाले, शास्त्र आहे, दिनकरराव.

कमळी म्हणाली, “मी बसते.” क्षणभरही थांबली नाही. “माय घरी आली तर पुरे. मग मी पोराकडं जाते.”

मी नको म्हणायला हवं होतं. पण माझ्यातली जी होती तिला घरी जायचं होतं. आणि मलाही ती जायला हवी होती. दोघांनाही.

पौष शुद्ध ४

वाचलं.

कमळी टोप घालून हसली माझ्याकडे. धीर देत होती. मलाच.

पहिलं पान. दुसरं. मनगट जळत होतं. दगडाबाईकडे बघत होतो, आता डोळे भरतील, आता— काहीच नाही. तिसऱ्या पानाला मला एक रस्ता दिसला. धुळीचा, पेडगावचा. खांद्यावर झोपलेलं लेकरू, त्याच्या तोंडाला गुळाचा वास.

हे दगडाबाईचं नव्हतं.

मी थांबलो. माधवराव म्हणाले, वाचा, मध्ये सोडलंत तर ती अर्धी राहील, अर्धी म्हणजे काय ते भुजंगरावांना विचारा. मी वाचलं. देवा, मी वाचलं. चौथं पान. पाचवं. पातळसाच ग्रंथ होता, तो संपेपर्यंत मला थांबू दिलं नाही. तार सुटेना. शेवटी कमळी—

नंतर माणिकरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. रक्ताच्या नात्याने धार उलटते का, ही एक शंका होती, म्हणाले. आता कळलं, नाही उलटत. हेही ज्ञानच आहे. उद्या सकाळी चक्कीखाली आजची नवी गोष्ट म्हणून तीच सांगणार आहेत.

पौष शुद्ध ५

सांगितली. सगळ्यांनी मान डोलावली.

पौष शुद्ध ८

ग्रंथशाळेत दोघी शेजारी बसवल्यात. ग्रहणगणित आणि छायागणित, एकाच विषयाचे दोन भाग म्हणून. खांद्याला खांदा लागतो. एकमेकींकडे बघत नाहीत.

मी त्यांच्यासमोर बसतो. कमळीला तिच्या पोराचं सांगतो. झोपताना कान धरून झोपतो, पायात वाळा आहे, एक हरवला. ती सांगते, शंकूची छाया माध्यान्ही सर्वांत आखूड.

आत मात्र दोघी भेटल्यात.

माझ्या आत. आजपासून बोलायला लागल्यात.

पौष शुद्ध १०

दोघी बोलतात— थांबतच नाहीत. एवढ्या दिवसांचं साठलेलं. माय म्हणते रडू नको, मी हाय न्हवं. लेक म्हणते माय, हितं लय अंधार हाय गं. माय म्हणते सरक, माझ्या पदरात ये—

सरक म्हणते तेव्हा माझं काहीतरी सरकतं. आज पाणिनी गेला. सूत्र आठवेना, कुठलं सूत्र तेही आठवेना.

पूर्णेला कोण असतं माझं? स्टेशन आठवतं. वाफ. एक माणूस हात हलवतोय.

नर्मदाबाईंनी मला आज घास भरवला. मी का खाल्ला—

पौष शुद्ध १३

खाली पळालो. वेस ओलांडली. पहिल्या वळणापर्यंत गेलो. लेक म्हणाली पेडगावला चल, माय म्हणाली आधी वाडीवर, घराला कुलूप हाय— पाय दोन वाटांना. तिथंच बसलो. राखणदाराने हाताला धरून आणलं. ओरडला नाही. म्हणाला, सगळे तिथंच बसतात.

हौदामागे भुजंगराव सरकून बसला. माझ्यासाठी जागा केली.

पौष पौर्णिमा

नवा ग्रंथ काढलाय म्हणे. लोहविद्येचा. अजून खुर्चीत बसवायला माणूस न्हाई.

मी वाचणार न्हाई. सांगितलं. माणिकराव हसले. जीभ तुमची आहे, म्हणाले, पण आत किती जणांच्या हातात आहे ते बघा एकदा.

पौष वद्य २

लेकराला सर्दी झाली आसंल. रात्रीचं उघडं टाकतंय.

माझं लेकरू न्हाई. माझं न्हाई. मी दिन— मी मास्तर हाय, परभणीचा. पुरुष हाय. माझं लगीन—

छाती दुखायलीय. पान्हा फुटल्यावानी.

पौष वद्य ४

सकाळ. ऊन हाय. खिडकीतून चढण दिसते.

कुणीतरी वर येतंय. पांढरं मुंडासं. खांद्यावर पोरगं. पायात एकच वाळा, उन्हात चमकतोय—

लिंबाजी. आगं माय, लिंबाजी आला. बायकू पंधरा-ईस दिस झाले आली न्हाई म्हणून हुडकीत—

चक्कीपासून माणिकराव निघाले. हात जोडून. वळकटी घ्यायला निघाल्यागत, हसत—

त्याला सांगितलं पायजे. माघारी जा. पोराला घिऊन पळ. अजून अर्ध्यातच हाय, आवाज पोचतोय—

वराडले. खिडकीतून. जीव तोडून.

त्यानं वर बघितलं. हसला. पोरगं बी हसलं, हात केले.

मी माघारी जा म्हणणार हुते. म्हणलं न्हाई. लेकीनं म्हणू दिलं न्हाई. तोंडातून निघालं, या. लवकर या. किती वाट बघायलेय मी. पोराला माझ्याकडं—

परत वराडते. ह्या बारीला नीट— जा म्हणते, जा—

या. या धनी, हितं वर, पळत—